कोबाल्टच्या टेबलाचा मिस्त्री

राजकोटला आम्ही तीन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. यजमान रेल्वेत. बदली झाली की निघायचंच आहे, म्हणून भांड्यांची एक पेटी मी कितीतरी महिने उघडलीच नव्हती. पुढे यजमान इथेच निवृत्त झाले, मुलं काठेवाडी ठसक्यात भांडायला लागली आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. आता मराठी बोलते ती फोनवर बहिणीशी. जेरामभाई पीठवांची आठवण मात्र मला कायम मराठीतच येते. खरं तर त्या माणसाला मराठीतला 'बरं' एवढा एकच शब्द यायचा, आणि तोही ते नको तिथे वापरायचे.

मी १९८३ साली एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात लागले. किरणोपचाराच्या आमच्या विभागाला सगळे शेक विभाग म्हणायचे. कोबाल्टचं मशीन होतं. रुग्णाला टेबलावर झोपवायचं, टेबल हव्या त्या उंचीला आणायचं, बाहेर येऊन ते हातभर जाडीचं दार लावायचं आणि बटण दाबायचं, हे माझं काम. कुणाला किती शेक द्यायचा ते डॉक्टर वसावडा ठरवायचे. त्याचं गणित मांडायचे चंद्रमौळी साहेब. ते आंध्रातले, हॉस्पिटलातले फिजिसिस्ट. आणि हे सगळं ज्याच्यावर चालायचं ते मशीन चालतं ठेवायचे जेरामभाई.

त्यांच्या नावापुढे कागदोपत्री 'मेकॅनिकल टेक्नॉलॉजिस्ट' असं लिहिलेलं होतं. ते वाचायला सांगितलं की ते म्हणायचे, "बेन, एवढं लांब नाव माझ्या अख्ख्या घराण्यात कुणाचं नव्हतं. मिस्त्री म्हणा."

ते हॉस्पिटलात कसे आले ती हकीकत मी ऐकीवच सांगते. १९७९ मध्ये मशीन आलं तेव्हा त्याचं डोकं, म्हणजे शिशानं भरलेला तो भलामोठा भाग, खोलीच्या दारातून आत जाईना. दोन बोटं उंची कमी पडत होती. इंजिनियर मंडळींनी भिंत फोडायचं ठरवलं. ओझं उचलायला भक्तिनगरच्या डिझेल इंजिनच्या कारखान्यातून साखळीचा कप्पी-दोर मागवला होता आणि तो घेऊन जेरामभाई आले होते. ते बराच वेळ उंबऱ्याशी उकिडवे बसून राहिले आणि मग म्हणाले, "भिंतीचं काय बिघडलंय? खालची लादी काढा." लादी काढली, मशीन आत गेलं, लादी परत बसली. संध्याकाळी डॉक्टर वसावडांनी त्यांना विचारलं, "कारखाना सोडून इथे येणार का?" जेरामभाई म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर झाले.

त्यांची कार्यशाळा म्हणजे मशीनच्या खोलीमागची दहा बाय बाराची जागा. तिथे वंगणाचा, प्लास्टरचा आणि वितळलेल्या शिशाचा मिळून एक वास असायचा. तो वास आता कुठेच येत नाही. रुग्णाचं फुप्फुस किंवा डोळा झाकायचा असेल तर त्या आकाराचे शिशाचे ठोकळे ते तिथेच ओतायचे. तोंडाचा किंवा गळ्याचा कॅन्सर असेल तर रुग्णाच्या चेहऱ्यावर प्लास्टर लावून साचा घ्यायचे आणि त्यावरून मुखवटा बनवायचे, म्हणजे रोज शेक घेताना डोकं तसूभरही हलत नाही. आमच्याकडच्या बहुतेक रुग्णांचे आजार तोंडाचेच. सकाळी अकरा वाजता चहा यायचा. जेरामभाई बशीत ओतून, फुंकर न घालता, एका दमात संपवायचे आणि मशीनच्या खोलीकडे कान देऊन बसायचे. मी बटण दाबलं की हवेचा दाब सुटायचा, फस्स, आणि आत कोबाल्ट आपल्या जागी यायचं. रोज तोच आवाज.

एकदा मी म्हटलं, "जेरामभाई, गाणं ऐकल्यासारखं काय ऐकता?"

"गाणंच आहे. बेसूर झालं की तुम्हाला सांगेन."

"आणि मलाच आधी कळलं तर?"

"तर मी गावी जाऊन म्हशी राखीन, बरं."

गावी मात्र ते जात नसत. वांकानेरपासून आठ कोसांवर त्यांचं गाव. दिवाळीला सगळं हॉस्पिटल रिकामं व्हायचं, तेव्हा हे कंप्रेसर उघडून बसलेले. कारण मला त्यांच्या बायकोकडून, जीवीबेनकडून कळलं. वडील वारल्यावर भट्टी थोरले भाऊ वालजीभाईंकडे आली. नांगराचे फाळ, कोयते, बैलगाडीच्या धावा, सगळ्या पंचक्रोशीचं काम. जेरामभाईंनी शहरात जाऊन लेथ शिकून घेतली होती आणि मोटाभाईंना वाटत होतं की आता यानं परत यावं, दोघांनी मिळून भट्टी सांभाळावी. एके दिवशी भट्टीवर चार शेतकरी बसले असताना हा विषय निघाला आणि जेरामभाई बोलून गेले, "मोटाभाई, पाच वर्षांत घरोघरी ट्रॅक्टर येतील. मग काय ऐरणीवर डोकं आपटत बसायचं?"

वालजीभाई हातातलं काम ठेवून म्हणाले, "ज्या ऐरणीनं तुला मोठा केला तिला तू चार माणसांत नावं ठेवलीस. आता या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस."

हे झालं १९७२ साली. त्यानंतर दोघांच्या मुलांची लग्नं झाली, आई गेली, पण दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आईच्या बाराव्याला समोरासमोर बसून जेवले म्हणे, पण वाढणाऱ्याशी बोलले, एकमेकांशी नाही.

"दोघंही लोखंडाचे," जीवीबेन म्हणाल्या. "मध्ये मी आणि माझी जेठाणी वाळून गेलो."

१९९१ च्या श्रावणात एका सकाळी नव्या रुग्णांच्या फायली माझ्या टेबलावर आल्या. त्यातली एक वाचून मी थबकले. पीठवा वालजी करसन, वय एकसष्ट, जिभेचा कॅन्सर. मी फाइल घेऊन मागे गेले.

"जेरामभाई, हे तुमच्यापैकी कुणी?"

त्यांनी नाव वाचलं आणि फाइल परत दिली. "काठेवाडात दगड उचलला की खाली एक पीठवा निघतो. माझं काय घेऊन बसलात?"

पण बाकावर बसलेल्या त्या माणसाला पाहिल्यावर मला विचारायची गरजच राहिली नाही. तेच रुंद मनगट, तोच डावा कान जरा पुढे आलेला. अंगावर पांढरं केडियू, खांद्यावर पंचा, शेजारी घुंगट घेतलेली बायको. जीभ सुजलेली, त्यामुळे तोंड नीट मिटत नव्हतं. खुणेनंच काम चाललं होतं.

मुखवट्यासाठी साचा घ्यायचा होता. मी जेरामभाईंना म्हटलं, "हवं तर मी घेते."

"तुमच्या साच्यात नाक वाकडं येतं," ते म्हणाले.

वालजीभाई आत आले. त्यांनी भावाकडे पाहिलं, भावानं त्यांच्याकडे पाहिलं. वालजीभाई बाकड्यावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. जेरामभाईंनी चेहऱ्याला तेल लावलं. भुवयांवर, मिशांवर, कानाच्या पाळीमागे, कुठे केस ओढला जाऊ नये म्हणून सावकाश. मग प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायला पाणी घेतलं. एरवी ते नळाचंच पाणी घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी पाणी गरम केलं, बोट घालून पाहिलं, पुन्हा थोडं गरम केलं. पट्टी पट्टी करून सगळा चेहरा झाकला. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. प्लास्टर सुकेपर्यंत वीस मिनिटं ते भावाच्या उशाशी उभे होते. त्या वीस मिनिटांत एक शब्द नाही. साचा निघाला, वालजीभाईंनी उठून पंच्यानं तोंड पुसलं आणि बाहेर गेले. जेरामभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, नाक सरळ आलंय," आणि हात धुवायला गेले. बराच वेळ हातच धूत होते.

तीस दिवसांचा शेक होता. रोज दहाच्या सुमाराला वालजीभाईंचा नंबर यायचा, आणि नेमकं त्याच वेळेला जेरामभाईंना कार्यशाळेत काहीतरी तातडीचं काम निघायचं. दार मात्र किलकिलं असायचं.

अकरा दिवस झाले आणि सातम-आठम आली. काठेवाडात सातम-आठम म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. दिवाळी असतेच, पण लोक वाट बघतात ती जन्माष्टमीच्या मेळ्याची. पाचमेपासून कारखाने, दुकानं, फाउंड्र्या एकेक करून बंद होतात. छठीला घरोघरी रांधून ठेवायचं, कारण सातमीला शीतळामातेचा दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी थंड खायचं. आठमीला तर सगळं गाव मेळ्यात.

पाचमेला सकाळी आठवड्याची तपासणी होती. टेबल ज्या जाड स्क्रूवर वर-खाली व्हायचं तो जमिनीतल्या खड्ड्यात असायचा. जेरामभाई खड्ड्यात उतरले आणि मला हाक मारली. "बेन, बॅटरी घेऊन या."

मी वाकून पाहिलं. त्यांच्या बोटावर वंगण होतं, काळं, आणि बॅटरीच्या उजेडात त्यात बारीक सोनेरी कण चमकत होते.

"छान दिसतंय," मी म्हटलं.

"छान?" ते म्हणाले. "हे नटाचे आटे आहेत. झिजून पिठी झालीय. ज्या नटावर टेबल उभं आहे तो आतून संपत आलाय."

खड्ड्यातून वर येऊन त्यांनी मशीनचा मेन स्विच बंद केला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. बाहेर चोपन्न रुग्ण बसलेले.

डॉक्टर वसावडा धावत आले. माणूस मनानं फार चांगला, पण आवाज मोठा. "जेराम, टेबल वर-खाली होतंय की नाही?"

"होतंय साहेब."

"मग?"

"होतंय तोवरच सांगतोय. व्हायचं थांबल्यावर सांगायला मिस्त्री कशाला हवा? बाहेरचा पट्टेवालाही सांगेल."

"मध्येच शेक थांबला तर रोग्यांचं नुकसान होतं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. आणि माणूस झोपलेला असताना टेबल हातभर खाली आलं तर काय होतं, तेही ठाऊक आहे."

डॉक्टरसाहेब चंद्रमौळींकडे वळले. चंद्रमौळी अतिशय शांत माणूस, गुजराती व्याकरण तोडून-मोडून बोलणारा. त्यांनी वंगणाचं बोट उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "जेरामभाई सही छे."

मुंबईला कंपनीच्या कचेरीत फोन लावला. नट परदेशातून येणार, दहा आठवडे तरी लागतील, असं उत्तर मिळालं. जवळचं दुसरं मशीन अहमदाबादला. जाऊ शकणारे सात-आठ रुग्ण तिकडे पाठवायची चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली. बाकीचे कुठले जाणार? जसदणच्या रंभामा, सत्तरीच्या म्हाताऱ्या, बाकावरूनच ओरडल्या, "एवढ्या लांबून बसचे धक्के खात येते मी, आणि तुझं टेबल दमलं होय रे, मुआ? मी नाही दमले!"

जेरामभाई हात जोडून म्हणाले, "मा, चार दिवस द्या."

हे ऐकून चंद्रमौळी चमकले. आत आल्यावर म्हणाले, "चार दिवस म्हणजे? तुम्ही नट बनवणार? या मशीनला कंपनीचाच भाग लागतो. असं कुठलंही काही बसवता येत नाही."

"साहेब, नट म्हणजे नट. गनमेटलचा आहे, सोन्याचा नाही. राजकोटात अर्ध्या हिंदुस्तानाला इंजिनं पुरवतात, एक नट नाही बनणार?"

"बनेल. तो तुटणार नाही हे कसं सांगाल?"

जेरामभाईंना राग येईल असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "ते तुम्ही सांगा. काय परीक्षा घ्यायची ती घ्या. नापास झाला तर मी गप्प बसेन."

दोघं बसले. चंद्रमौळींनी कागदावर लिहिलं: देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीला आजच पत्र, दीडपट ओझं ठेवून शंभर वेळा वर-खाली, नंतर नट उतरवून पुन्हा मोजणी, रोज सकाळी वंगणाची तपासणी, आणि मूळ भाग येताच हा काढायचा. डॉक्टर वसावडांनी खाली सही केली.

आता पाचमेची दुपार झाली होती, आणि दुपारी एक ते चार राजकोट झोपतं. फाउंड्रीवाले वशरामभाई तर असे झोपायचे की घराला आग लागली तरी चारनंतर बघू म्हणतील. जेरामभाई मला बरोबर घेऊन गेले, कारण बाईमाणूस दारात उभी असली की वशरामभाईंना शिव्या देता येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. शिव्या दिल्याच, पण हळू आवाजात.

"जेराम, तुझ्या अकलेचं दिवाळं निघालंय. उद्या छठ. भट्टी धुऊन, कुंकू लावून थंड करायची. सातमीला माझ्याकडे विडीसुद्धा पेटत नाही."

"उद्या संध्याकाळच्या आत ओत. मग थंड कर."

"माणसं सगळी गावी गेली. भाता कोण बघणार?"

"मी बघेन. लोहाराच्या पोटचा आहे, विसरलास?"

वशरामभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बेन, हा तुम्हाला रोज असाच छळतो?"

"रोज," मी म्हटलं.

छठीच्या दिवशी सकाळी झिजलेल्या नटाची आणि चांगल्या स्क्रूची मापं घेतली. आट्यांचा ठसा जेरामभाईंनी दातांच्या डॉक्टरांकडच्या बारीक प्लास्टरमध्ये घेतला. दुपारी, हो, दुपारीच, वशरामभाईंनी न झोपता मातीत साचा भरला. त्यांच्या बायका-सुना पलीकडे वडे तळत होत्या, थेपली लाटत होत्या, आणि इकडे मुशीत धातू उकळत होता. पाच वाजता ओतलं. मग वशरामभाईंनी भट्टीला पाणी मारलं, कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाले, "मा, उशीर झाला. दवाखान्याचं काम होतं. याच्या नावावर लिही, माझ्या नाही."

सातमीला मी जीवीबेनबरोबर डबा घेऊन जेरामभाईंच्या जुन्या कारखान्यात गेले. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकच लेथ चालू होती. बाहेर रस्त्यानं लोकांचे लोंढे मेळ्याला चाललेले, पिपाण्या, फुगे. आत हा माणूस चष्मा कपाळावर चढवून एकेक आटा पाडत होता. थंड थेपलं, दही, बाजरीचे वडे त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ले.

"मेळ्याला जाऊ या का?" जीवीबेन म्हणाल्या. "राजकोटला येऊन वीस वर्षं झाली, मला एकदा तरी पाळण्यात बसवलंय का?"

"या नटाचे आटे नीट आले की रोज वर-खाली करीन तुला, टेबलावर."

"तिथे बसायची वेळ माझ्या वैऱ्यावर न येवो," जीवीबेन म्हणाल्या आणि डब्याची झाकणं लावू लागल्या. टेबलावर कोण झोपत होतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आठमीला सकाळी जेरामभाई नट फडक्यात गुंडाळून हॉस्पिटलात आले. सुट्टी होती. पण बाकावर वालजीभाई बसलेले होते. गावी न जाता ते धर्मशाळेतच राहिले होते, आणि रोज सकाळी सवयीनं येऊन बसत होते. जेरामभाई त्यांच्या समोरून आत निघाले. तेवढ्यात वालजीभाईंनी हात पुढे केला. तळवा वर.

जेरामभाई थांबले. मग फडकं सोडून त्यांनी नट त्या तळव्यावर ठेवला.

वालजीभाईंनी आधी वजन पाहिलं. मग उजेडाकडे धरून आत पाहिलं. मग अंगठ्याचं नख आट्यात घालून हळूहळू फिरवलं, एक फेरा, दुसरा फेरा, आणि नख थांबलं. मागे घेतलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच थांबलं.

"खुपतंय," ते म्हणाले. सुजलेल्या जिभेमुळे शब्द जड, बोबडा आला, पण आला.

"कुठं?" जेरामभाई म्हणाले.

"तिसऱ्याला."

जेरामभाईंनी नट घेतला, स्वतःचं नख फिरवलं. त्यांना काही लागलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग खाली बाकावरच बसले, भावाच्या शेजारी, आणि म्हणाले, "हां. आहे. केसाएवढं आहे."

"केस म्हणजे कमी?" वालजीभाई म्हणाले.

जेरामभाई कार्यशाळेतून बारीक कानस घेऊन आले आणि बाकावर बसूनच घासू लागले. मध्येच नट भावाकडे द्यायचे, भाऊ नख फिरवून परत द्यायचा. असं चार-पाच वेळा झालं. वालजीभाईंची बायको घुंगटाच्या आत तोंडाला पदर लावून रडत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून सुट्टीची नोटीस वाचत होते, जी मीच लिहिली होती.

नवमीला परीक्षा झाली. स्वयंपाकघरातून बाजरीची तीन पोती आणली, टेबलावर चढवली. चंद्रमौळी स्टुलावर वही घेऊन बसले, मी बटण दाबत होते. वर, खाली. वर, खाली. साठाव्या वेळेला एक पोतं उसवलं आणि खोलीभर बाजरी झाली, पण टेबल थांबवलं नाही. शंभर झाल्यावर नट उतरवला, मोजला. आकडे जिथल्या तिथे. चंद्रमौळींनी वही मिटली आणि आपल्या मोडक्या गुजरातीत म्हणाले, "पास." मग जेरामभाई स्वतः टेबलावर आडवे झाले आणि मला म्हणाले, "चढवा." मी त्यांना वरपर्यंत नेलं, खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. पहिला नंबर रंभामांचा होता आणि त्या कुणासाठी नंबर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "चार म्हणालास, पाच लावलेस," त्या टेबलावर झोपता झोपता जेरामभाईंना म्हणाल्या.

त्यानंतर वालजीभाईंचे एकोणीस शेक राहिले होते. शेवटी शेवटी तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. जीवीबेन बाजरीची पातळ राब गाळून आणायच्या आणि जेरामभाई चमच्यानं भरवायचे. दोघं फार बोलायचे असं नाही. एकदा मी आत गेले तेव्हा जेरामभाई विचारत होते, "भट्टी चालू आहे ना?"

वालजीभाईंनी मान हलवली. नाही. सहा वर्षांपूर्वीच बंद पडली. गावात आता अकरा ट्रॅक्टर.

मला वाटलं, एकोणीस वर्षांपूर्वीचं आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून जेरामभाईंच्या चेहऱ्यावर काही दिसेल. ते उठले आणि खिडकीशी गेले. "मला वाटत होतं, तुम्ही चालवत असाल," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी अकराचा चहा घेतला नाही.

त्या दिवाळीला कंप्रेसर उघडायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं आणि जीवीबेनला घेऊन गावी गेले. परत आल्यावर सांगत होते, ऐरणीला सगळ्यांनी मिळून तेल लावलं म्हणून.

कंपनीचा नट अकराव्या आठवड्यात आला. ठरल्याप्रमाणे जेरामभाईंनी आपला काढला आणि तो बसवला. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "कशाचं? परीक्षा पास झाल्यावर कुणी वर्गात बसून राहतं का?" धातू वशरामभाईंचा होता, म्हणून नट त्यांच्याकडे परत गेला. पुढच्या कुठल्यातरी इंजिनात तो वितळून गेला असेल.

वालजीभाई चार वर्षं जगले. तपासणीला यायचे तेव्हा गवारीच्या शेंगा आणायचे, आणि मशीनच्या दाराच्या बिजागरीला तेल कमी आहे, खिडकीचा गज वाकडा आहे, अशा तक्रारी करायचे. जेरामभाई प्रत्येक वेळी म्हणायचे, "करतो मोटाभाई." वालजीभाई गेले ते घरी, आपल्या अंगणात. जेरामभाई जवळ होते.

२००४ मध्ये जेरामभाई निवृत्त झाले. कोबाल्टचं मशीन त्यानंतर पाच वर्षांनी गेलं. ते न्यायला सरकारी परवानग्यांचे गठ्ठे आणि क्रेन घेऊन माणसं आली, तेव्हा चंद्रमौळींनी मला आणि जेरामभाईंना बोलावून घेतलं. आता तिथे नवं मशीन आहे, सगळं पडद्यावर चालतं, काही बिघडलं तर बंगलोरहून कुणीतरी संगणकावरूनच सांगतं. चांगलं आहे. रुग्णांना त्रास कमी होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी त्या दिवशी रिकाम्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला पाचमेच्या त्या सकाळचे तिघांचे आवाज एकदम आठवले, डॉक्टर वसावडांचा मोठा, चंद्रमौळींचा मोडका आणि जेरामभाईंचा.

निवृत्तीनंतर त्यांनी एक नवंच काम काढलं होतं. आमच्या भागात घरोघरी झोपाळे. कुठलाही झोपाळा कुरकुरला की जेरामभाई पिशवीत हत्यारं घेऊन जायचे. एका रविवारी आमच्याकडे आले. साखळीच्या कड्या तपासल्या, वरचा हूक तपासला, मग यजमानांना बाजूला सरकवून स्वतः बसले.

"वर्षभर चालेल," म्हणाले.

"आणि मग?"

"मग मला बोलवा."

जीवीबेन माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होत्या. त्यांना हाक मारून म्हणाले, "अगं, ये इकडे, बस. मेळ्यात नेलं नाही म्हणून आयुष्यभर ऐकवलंस ना?" जीवीबेन पदर सावरत येऊन शेजारी बसल्या. जेरामभाईंनी पायानं जमिनीला रेटा दिला. मी दारात उभी राहून पाहत होते. झोपाळा अजिबात आवाज करत नव्हता.